व्हीस्विचचा रिपोर्ट कधी पूर्ण कधी अर्धवट येतो, तर स्क्रिप्टमध्ये नक्की कुठे बघायचं

आधी सेटअप सांगतो, नाहीतर खालचं अर्धं कळणार नाही. व्हीसेंटर (व्हीएमवेअरचे सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारा सर्व्हर) एकच, ते खराडीला, त्याच्याखाली खराडीच्याच रॅकमधले ईएसएक्सआय होस्ट (ज्यांच्यावर व्हर्च्युअल मशीन चालतात ती मशीनं) आणि भोसरीच्या प्लँटमधले थोडे जुने होस्ट. रोज सकाळी टास्क शेड्युलरमधून एक पॉवरसीएलआय (पॉवरशेलमधून व्हीएमवेअरला विचारायच्या कमांडचा संच) स्क्रिप्ट चालते, ती प्रत्येक होस्टला विचारते की तुझ्याकडे व्हर्च्युअल स्विच (व्हीस्विच) कोणते, त्यांना कुठले व्हीएमनिक (होस्टची खरी नेटवर्क कार्डं, म्हणजे अपलिंक) लावलेत, एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) किती, पोर्टग्रुप (स्विचवरचा व्हर्च्युअल मशीन जोडायचा गट) कोणते, त्यांचा व्हीलॅन (नेटवर्कचा आकड्याने वेगळा केलेला भाग) काय, आणि सगळं एका सीएसव्हीत भरून टीमला मेल करते. स्क्रिप्ट जुनी आहे, लिहिणारा माणूस केव्हाच कंपनी सोडून गेला, तेव्हा ती वारसाहक्काने आलेली समजा.

हा रिपोर्ट शोभेचा नाहीये. स्टँडर्ड स्विच हा प्रत्येक होस्टवर स्वतंत्र बनवलेला असतो, व्हीसेंटर तो सगळीकडे सारखा ठेवत नाही. पोर्टग्रुपच्या नावात एका होस्टवर एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी त्या होस्टवर व्हीमोशन (चालू व्हर्च्युअल मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं) अडतं. एमटीयू एकीकडे ९००० आणि दुसरीकडे १५०० असला की आणखी मजा, साधा पिंग जातो, सगळे म्हणतात नेटवर्क चालू आहे, आणि आयस्कझीचा (नेटवर्कवरून जाणाऱ्या स्टोरेजचा) ट्रॅफिक मात्र धापा टाकतो. हे आधी कळावं म्हणून रिपोर्ट.

लक्षण असं की काही दिवस रिपोर्ट पूर्ण येतो, काही दिवस दोन-चार होस्ट गायब असतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधीकधी एखाद्या होस्टच्या नावापुढे दुसऱ्याच होस्टचे अपलिंक दिसतात. लॉगमध्ये एरर नाही. हाताने चालवली की शहाण्यासारखी चालते. मग कोणीतरी म्हणतं नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल, नेटवर्कवाले म्हणतात आमच्याकडे सगळं हिरवं आहे, आणि विषय पुढच्या वेळेपर्यंत मिटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा स्क्रिप्टमध्ये माहिती मागणारी कमांड सहसा बरोबर असते, गोंधळ असतो तो उत्तर न मिळाल्यावर काय करायचं यात. रिपोर्टमध्ये एखाद्या होस्टपुढे काही नसलं तर त्याचे अर्थ बरेच निघतात: त्या होस्टवर खरंच स्टँडर्ड स्विच नाहीये, किंवा होस्टने उत्तर दिलं नाही, किंवा तुमच्या अकाउंटला तो होस्ट दिसतच नाही, किंवा उत्तर आलं पण लिहिताना सांडलं. स्क्रिप्ट या चारही गोष्टी एकाच रिकाम्या जागेने दाखवते. ती जागा बोलकी केल्याशिवाय बाकी काही दुरुस्त करायला जाऊ नका, कारण दुरुस्त झालं की नाही हेच कळणार नाही.

म्हणून पहिलं काम, स्क्रिप्टमध्ये सायलेंटलीकंटिन्यू हा शब्द शोधा. जुन्या स्क्रिप्टच्या वरच्याच ओळीत एररअॅक्शनप्रेफरन्सला ही किंमत देऊन ठेवलेली असते, म्हणजे कुठेही काही फुटलं तरी आवाज करू नको. लाल अक्षरं दिसू नयेत म्हणून लोक हे टाकतात. काढा ते. आणि होस्टची यादी गेट-व्हीएमहोस्ट या व्हीसेंटरकडून होस्ट आणणाऱ्या कमांडच्या भरवशावर सोडू नका, एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा जिच्यात जे होस्ट असायलाच हवेत त्यांची नावं आहेत, आणि रिपोर्ट या फाइलवरून बनवा. फाइलमध्ये आहे पण व्हीसेंटरने दिला नाही, तर तसं लिहा. व्हीसेंटरने दिला पण फाइलमध्ये नाही, तर तेही लिहा, कोणीतरी न सांगता नवा होस्ट जोडलाय. ही फाइल हाताने सांभाळावी लागते म्हणून लोक नाकं मुरडतात, पण मोजायला बाहेरचं माप नसेल तर पंचवीसपैकी बावीस आले हे स्क्रिप्टला कळणार कसं?

आता ते दुसऱ्याचे अपलिंक दिसण्याचं प्रकरण, यावर जरा थांबतो कारण हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय आणि लोक ते व्हीएमवेअरचा बग म्हणून सोडून देतात.

स्क्रिप्टमध्ये फॉरईच लूप असतो, एकेका होस्टवर तेच काम फिरवणारा. आत ट्राय, ट्रायमध्ये गेट-व्हर्च्युअलस्विच चालवून उत्तर एका व्हेरिएबलमध्ये, समजा एसडब्ल्यूमध्ये, आणि कमांडला एररअॅक्शन स्टॉप. कॅच (ट्रायमधलं काही फुटलं तर चालणारा भाग) आहे पण आत काही नाही, किंवा एखादी राइट-होस्टची ओळ जी शेड्युल केलेल्या जॉबमध्ये कोणी बघत नाही. आणि कॅचच्या खाली, ट्रायच्या बाहेर, एसडब्ल्यूमधलं घेऊन ओळ बनवायची. आता बघा काय होतं. पहिल्या होस्टने उत्तर दिलं, एसडब्ल्यूमध्ये त्याचे स्विच आले, ओळ बनली. दुसऱ्या होस्टवर कमांड फुटली. स्टॉप असल्यामुळे ती तिथेच थांबली, म्हणजे बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे काही पोचलंच नाही, एसडब्ल्यूमध्ये अजून पहिल्या होस्टचाच माल आहे. कॅच गप्प. खाली ओळ बनली: नाव दुसऱ्या होस्टचं, स्विच आणि व्हीएमनिक पहिल्याचे. कोणाला पत्ताही लागत नाही कारण सगळीकडे व्हीस्विच० असतोच, व्हीएमनिक० आणि १ पण असतातच, फक्त व्हीलॅनच्या यादीवर बारकाईने नजर टाकली तर काहीतरी खटकतं.

यात गंमत अशी की स्टॉप आणि ट्राय कॅच नसताना हे होत नव्हतं. साध्या, न थांबणाऱ्या एररमध्ये कमांड काहीच परत देत नाही आणि व्हेरिएबल रिकामा होतो, म्हणजे ओळ रिकामी यायची, चुकीची नाही. कोणीतरी स्क्रिप्ट सुधारायला म्हणून ट्राय कॅच अर्धवट घातलं आणि रिकामी ओळ खोटी झाली. यावर उपाय दोन, दोन्ही करा: लूपच्या पहिल्याच ओळीत एसडब्ल्यूला नल करा, आणि ओळ बनवायचं काम ट्रायच्या आतच ठेवा. कॅचमध्ये वेगळी ओळ बनवा जिच्यात होस्टचं नाव, स्टेटस म्हणून उत्तर नाही, आणि एररचा मजकूर असेल. म्हणजे प्रत्येक होस्टची निदान एक ओळ येणारच, चांगली नाहीतर वाईट. आणि उत्तर आलं पण स्टँडर्ड स्विच एकही नाही असं असेल तर त्याचीही ओळ पाहिजे, त्यात स्पष्ट लिहा की स्टँडर्ड स्विच नाही. सगळं डिस्ट्रिब्युटेड स्विचवर (व्हीसेंटरमधून बऱ्याच होस्टसाठी एकच बनवलेला स्विच) नेलेल्या होस्टवर हे अगदी नॉर्मल आहे.

एवढं केल्यावर आमच्या रिपोर्टमध्ये पॅटर्न लगेच दिसला. उत्तर नाही वाल्या ओळी बहुतेक शुक्रवारी सकाळी, आणि बहुतेक भोसरीच्या. प्लँटच्या मेंटेनन्सवाल्या काकांना फोन केला तर ते म्हणाले, "अहो साहेब, गुरुवारी सुट्टी असते ना इकडे, लाइट पण मेंटेनन्सला जाते, तुमचा यूपीएस किती वेळ खेचणार?" भोसरीकडे औद्योगिक सुट्टी गुरुवारची हे पुण्यात सगळ्यांना माहीत, फक्त आयटीच्या मॉनिटरिंगला माहीत नव्हतं. होस्ट बंद होतात, रात्री किंवा सकाळी कोणीतरी चालू करतं, आणि आपली स्क्रिप्ट नेमकी त्या मधल्या वेळात धडकते.

पण सगळं गुरुवारवर ढकलून चालणार नाही. होस्टची कनेक्शनस्टेट आधी वाचा आणि रिपोर्टमध्ये छापा. पॉवरसीएलआयमध्ये चार दिसतात: कनेक्टेड, डिस्कनेक्टेड, नॉटरिस्पाँडिंग आणि मेंटेनन्स. डिस्कनेक्टेड बहुतेकदा कोणीतरी स्वतःहून तोडलेला असतो. नॉटरिस्पाँडिंग म्हणजे व्हीसेंटरला होस्टचा हार्टबीट (मी जिवंत आहे असा सारखा येणारा निरोप) मिळत नाहीये. हा हार्टबीट होस्टकडून व्हीसेंटरकडे यूडीपी ९०२ पोर्टवर येतो, आणि मधल्या फायरवॉलवर तो अडला तर होस्ट जोडला की जोडला जातो, साधारण मिनिटभर छान हिरवा दिसतो आणि मग नॉटरिस्पाँडिंगमध्ये जातो. खराडी-भोसरी लिंकवर फायरवॉलचा रूल बदलला की हा खेळ सुरू होतो, आणि टीसीपी ४४३ उघडं असल्यामुळे ब्राउझरमधून होस्टचं पान उघडतं म्हणून फायरवॉलवाला मान्यच करत नाही. त्याला सरळ यूडीपी ९०२ चा लॉग दाखवायला सांगा.

मेंटेनन्सचा सापळा वेगळा. बऱ्याच स्क्रिप्टमध्ये गेट-व्हीएमहोस्टला स्टेट कनेक्टेड असा फिल्टर लावलेला असतो, बंद होस्टला विचारत बसू नये म्हणून. पण मेंटेनन्स मोडमधला होस्ट या फिल्टरमध्ये बसत नाही. तो चालू आहे, व्हीसेंटरशी बोलतोय, त्याचे स्विच सगळे जागेवर आहेत, फक्त त्याची स्टेट मेंटेनन्स आहे म्हणून तो गाळला जातो. पॅचिंगच्या आठवड्यात होस्ट आलटून पालटून रिपोर्टमधून गायब होत असतील तर हेच बघा. आणि नेमका पॅचिंगनंतरच स्विचची कॉन्फिगरेशन तपासायची जास्त गरज असते! फिल्टर लावायचाच तर कनेक्टेड आणि मेंटेनन्स दोन्ही घ्या, बाकीच्यांची ओळ स्टेटसकट छापून पुढे जा.

तुटलेल्या होस्टबद्दल अजून एक, व्हीसेंटरकडे त्याची माहिती कधी असते कधी नसते, एपीआयमध्येच म्हटलंय की डिस्कनेक्टेड होस्टची कॉन्फिग मिळेलच असं नाही. मिळाली तरी ती शेवटचा संपर्क होता तेव्हाची. म्हणून स्टेटचा कॉलम हवाच, नाहीतर शिळी माहिती ताजी म्हणून वाचली जाते.

आता परवानग्या. इथे एरर येतच नाही, म्हणून सापडायला वेळ लागतो. व्हीसेंटर तुम्हाला फक्त तेच दाखवतं ज्यावर तुमच्या अकाउंटला हक्क आहे, आणि जे दिसत नाही त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सर्व्हिस अकाउंटला रीड-ओन्ली रोल एका क्लस्टरवर दिला, दुसऱ्यावर द्यायचा राहिला, किंवा देताना प्रॉपगेटची (हक्क खालच्या सगळ्यांनाही लागू करायची) टिक राहिली, की होस्टची यादीच लहान येते. मघाची टेक्स्ट फाइल इथे कामाला येते.

डिस्ट्रिब्युटेड स्विचच्या बाबतीत हे जास्त फसवं आहे. होस्ट आणि क्लस्टर इन्व्हेंटरीमध्ये एका फांदीवर असतात आणि डिस्ट्रिब्युटेड स्विच नेटवर्किंगच्या वेगळ्या फांदीवर, त्यामुळे क्लस्टरवर दिलेला रोल स्विचपर्यंत पोचत नाही. होस्ट सगळे दिसतात, गेट-व्हीडीस्विच मात्र रिकामं. रोल डेटासेंटरवर किंवा त्याच्याही वर द्या आणि खाली उतरू द्या, रीड-ओन्लीच आहे, कोणाचं काही बिघडत नाही. सिक्युरिटीवाले का म्हणून विचारतील, त्यांना इन्व्हेंटरीचं झाड दाखवा, कळतं त्यांना.

तसंच गेट-व्हर्च्युअलस्विचवर डिस्ट्रिब्युटेड स्विच मागणं सोडून द्या, ते जुनं झालंय. स्टँडर्डसाठी गेट-व्हर्च्युअलस्विच आणि गेट-व्हर्च्युअलपोर्टग्रुप, दोन्हींना स्टँडर्ड हा पॅरामीटर लावून, आणि डिस्ट्रिब्युटेडसाठी गेट-व्हीडीस्विच आणि गेट-व्हीडीपोर्टग्रुप. व्हीलॅन पण वेगळ्या जागी असतो: स्टँडर्डमध्ये व्हीलॅनआयडी सरळ आकडा, ० म्हणजे टॅग नाही, ४०९५ म्हणजे सगळे व्हीलॅन गेस्टपर्यंत जाऊ द्यायचे. डिस्ट्रिब्युटेडमध्ये व्हीलॅनकॉन्फिगरेशन नावाचा आख्खा ऑब्जेक्ट, आणि व्हीलॅन लावलेलाच नसेल तर तो नल, मग त्याच्या आत हात घालायला गेलात की काहीच हाती लागत नाही.

हाताने चालते, शेड्युल केली की नाही, ही तक्रार इतकी जुनी आहे की तिच्यावर पोवाडा लिहावा. बघायच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत. हाताने चालवता तेव्हा तुम्ही तुम्ही असता, शेड्युलरमध्ये सर्व्हिस अकाउंट असतं. पॉवरसीएलआय तुम्ही स्कोप करंटयूजर देऊन इन्स्टॉल केलं असेल तर ते तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये आहे, त्या अकाउंटला मॉड्यूलच सापडत नाही. सर्टिफिकेटचा इशारा दुर्लक्षित करायची सेटिंग सेट-पॉवरसीएलआयकॉन्फिगरेशनने स्कोप यूजरमध्ये केली असेल तर तीही तुमच्यापुरतीच, ऑलयूजर्स करा, किंवा खरं म्हणजे व्हीसेंटरचं सर्टिफिकेट नीट करून घ्या आणि ही सेटिंगच काढा. पासवर्ड एक्स्पोर्ट-क्लिएक्सएमएलने फाइलमध्ये ठेवला असेल तर विंडोजवर ती फाइल ज्या यूजरने ज्या मशीनवर बनवली त्यालाच तिथेच उघडते, म्हणजे ती सर्व्हिस अकाउंटने लॉगिन करूनच बनवायला हवी. आणि सीएसव्हीचा पाथ पूर्ण द्या. नुसतं फाइलचं नाव दिलं आणि शेड्युलरमधला स्टार्ट इन रिकामा ठेवला तर फाइल सिस्टम३२ मध्ये जायला बघते. रिपोर्ट बनत नाही म्हणून आठवडाभर डोकं खाजवायचं आणि तो तिकडे साठत असायचा, असंही बघितलंय.

रोज डबल ओळी येत असतील तर ते वेगळं. एकाच सेशनमध्ये व्हीसेंटरलाही कनेक्ट आणि एखाद्या होस्टलाही थेट कनेक्ट, आणि डिफॉल्टव्हीआयसर्व्हरमोड मल्टिपल असेल, तर प्रत्येक कमांड दोन्हीकडे जाते आणि तो होस्ट दोनदा येतो. डिफॉल्टव्हीआयसर्व्हर्स हा ग्लोबल व्हेरिएबल छापून बघा, किती कनेक्शन उघडी आहेत ते कळेल. स्क्रिप्टच्या सुरुवातीला जुनी सगळी तोडा, प्रत्येक कमांडला सर्व्हर स्पष्ट द्या, आणि शेवटी डिस्कनेक्ट फायनलीच्या आत ठेवा म्हणजे मधेच मेली तरी सेशन लटकत राहणार नाही. थेट होस्टला कनेक्ट करणं तसंही टाळा, लॉकडाउन मोड (होस्टवर थेट लॉगिन बंद) असेल तर तो दारातूनच परत पाठवतो.

इथेच अजून एक सांगून टाकतो, ओळी जुळवताना नुसतं स्विचचं नाव 'की' (ओळ ओळखायची खूण) म्हणून वापरू नका. व्हीस्विच० प्रत्येक होस्टवर आहे. हॅशटेबलमध्ये नाव टाकलंत तर शेवटच्या होस्टचा राहतो आणि बाकी सगळे पुसले जातात. होस्टचं नाव आणि स्विचचं नाव जोडून की बनवा. पोर्टग्रुपलाही हेच.

लिहिताना काय सांडतं ते आता. व्हीएमनिकच्या कॉलममध्ये माहितीऐवजी सिस्टिम डॉट स्ट्रिंग आणि पुढे चौकोनी कंस असं दिसत असेल, तर निक ही प्रॉपर्टी यादी आहे आणि एक्स्पोर्ट-सीएसव्हीला यादी लिहिता येत नाही, तो तिच्या टाइपचं नाव लिहून मोकळा होतो. जॉइन करून एका स्ट्रिंगमध्ये आणा, मधे अर्धविराम टाका, स्वल्पविराम नको.

याहून छुपं म्हणजे कॉलम. एक्स्पोर्ट-सीएसव्ही पहिला ऑब्जेक्ट बघून कॉलम ठरवतो. पहिला होस्ट चांगला आला आणि त्याच्या ओळीत एररचा कॉलम नव्हता, तर पुढच्या सगळ्या ओळींमधला एररचा मजकूर बिनबोभाट गळून जातो. म्हणजे तुम्ही वर एवढी मेहनत करून कॅचमध्ये मजकूर भरलात आणि फाइलमध्ये काहीच नाही. उलट पहिलाच होस्ट फेल झाला तर स्विचचे कॉलमच गायब, उरलेल्या सगळ्या चांगल्या होस्टची माहिती गेली. अर्धवट रिपोर्टचं हे कारण मला सगळ्यात बेरकी वाटतं, कारण कोणता होस्ट पहिला आला यावर रिपोर्ट अवलंबून राहतो आणि म्हणून तो दर वेळी वेगळा येतो. प्रत्येक ओळ, चांगली असो की फेल, अगदी त्याच प्रॉपर्टी त्याच क्रमाने घेऊनच बनवा, लागू नसेल तिथे रिकामी ठेवा. एक छोटं फंक्शन करा जे ओळ बनवतं आणि दोन्ही ठिकाणी तेच वापरा.

स्टेटस मराठीत लिहायची हौस असेल, आमच्याकडे आहे, तर एन्कोडिंग बघा. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये एक्स्पोर्ट-सीएसव्ही सांगितलं नाही तर आस्कीमध्ये लिहितो आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते. पॉवरशेल ७ यूटीएफ-८ लिहितो पण बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) लावत नाही, मग एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं की अक्षरांची भेळ दिसते. ७ वर यूटीएफ८बीओएम द्या, ५.१ वर यूटीएफ८ दिलं की बीओएम आपोआप येतो.

हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअलायझेशन) असलेल्यांसाठी. एकाच अॅडमिन मशीनवर पॉवरसीएलआय आणि हायपर-व्हीचं मॉड्यूल दोन्ही असेल तर गेट-व्हीएम आणि गेट-व्हीएमहोस्ट ही नावं दोघांकडे आहेत. जे मॉड्यूल नंतर लोड होतं त्याची कमांड चालते. काल चाललेली स्क्रिप्ट आज हायपर-व्ही सापडत नाही म्हणून ओरडते ती यामुळेच. कमांडच्या आधी मॉड्यूलचं पूर्ण नाव आणि उलटी तिरकी रेघ लावा, भांडण मिटतं.

गेट-व्हीएमस्विचला कॉम्प्युटरनेममध्ये होस्टची यादी देता येते, पण एक होस्ट पडला की कोणता पडला हे धुंडाळत बसावं लागतं, त्यापेक्षा इन्व्होक-कमांड बरं, ते डिफॉल्टने ३२ होस्टपर्यंत एकाच वेळी जातं आणि प्रत्येक ऑब्जेक्टवर पीएसकॉम्प्युटरनेम चिकटवून देतं. विनआरएमचे (विंडोजवर लांबून कमांड चालवायची सोय) पोर्ट ५९८५ आणि ५९८६ उघडे हवेत, आणि होस्टला आयपीने नाही नावाने बोलवा, आयपी दिला की केर्बेरॉस (डोमेनमधली ओळख पटवायची पद्धत) बाजूला राहतं आणि ट्रस्टेडहोस्ट्सचं झेंगट मागे लागतं. एका होस्टवर रिमोट जाऊन तिथून दुसऱ्या होस्टला विचारलं तर अॅक्सेस डिनाइड येणारच, तुमचं क्रेडेन्शियल दुसऱ्या उडीला सोबत जात नाही. त्यावर क्रेडएसएसपी (क्रेडेन्शियल पुढे सोबत जाऊ देणारी सोय) उघडायला सांगणारे भेटतील, मी म्हणतो दुसरी उडी मारायचीच कशाला, सगळ्यांना अॅडमिन मशीनवरूनच विचारा.

स्विचटाइपवर एक्स्टर्नल असा फिल्टर रिमोट उत्तरावर लावला आणि काहीच आलं नाही, तर ऑब्जेक्ट वायरवरून येताना त्याचा एनम (ठरलेल्या नावांचा टाइप) राहत नाही, आत आकडा असतो आणि दिसतं मात्र नाव. तिकडेच, होस्टवरच, त्याची स्ट्रिंग करून मग पाठवा. आणि अडॅप्टरच्या कॉलममध्ये टीम्ड-इंटरफेस एवढंच येत असेल तर तो एसईटीवाला (कार्डांची टीम स्विचमध्येच बनवणारा) स्विच आहे, विंडोज सर्व्हर २०१६ पासून आलेला, त्याच्या खरोखरच्या कार्डांसाठी गेट-व्हीएमस्विचटीम. २०१२ आर२ चे होस्ट अजून कुठे असतील, आणि असतात, तर नव्या मशीनवरून हायपर-व्ही मॉड्यूलची १.१ आवृत्ती मुद्दाम लोड करावी लागते, २.० त्यांच्याशी बोलत नाही.

स्पीडबद्दल. होस्ट वाढले की प्रत्येक होस्टला, मग प्रत्येक स्विचला, मग प्रत्येक पोर्टग्रुपला वेगळं विचारणारी स्क्रिप्ट रांगते, आणि पॉवरसीएलआयचा वेब ऑपरेशन टाइमआउट डिफॉल्टने ३०० सेकंदांचा आहे, एखादी अडकलेली कॉल तेवढा वेळ सगळ्यांना ताटकळत ठेवते. लोक लगेच फॉरईच-ऑब्जेक्ट पॅरलल लावतात. लावा, पण प्रत्येक रनस्पेस (स्क्रिप्टचा तो तुकडा चालायची जागा) वेगळी असते, बाहेरचं व्हीसेंटर कनेक्शन आत आपोआप येत नाही, त्यासाठी गेट-पॉवरसीएलआयकॉन्टेक्स्ट आणि यूज-पॉवरसीएलआयकॉन्टेक्स्ट आहेत, आणि बाहेरचे व्हेरिएबल यूजिंग लावून घ्यावे लागतात. मला विचाराल तर त्याआधी गेट-व्ह्यू वापरून बघा. व्ह्यूटाइप होस्टसिस्टिम आणि प्रॉपर्टीमध्ये फक्त नाव, रनटाइममधली कनेक्शनस्टेट आणि कॉन्फिगमधलं नेटवर्क एवढंच मागा. सगळ्या होस्टचं सगळं नेटवर्क एका खेपेत येतं: व्हीस्विच, पोर्टग्रुप, पीनिक, डिस्ट्रिब्युटेड स्विचची होस्टकडची बाजू प्रॉक्सीस्विचमध्ये, आणि जुना एनएसएक्सचा (व्हीएमवेअरचं व्हर्च्युअल नेटवर्कचं प्रॉडक्ट) एन-व्हीडीएस स्विच असेल तर तो ओपेकस्विचमध्ये, जो नेहमीच्या दोन्ही कमांडना दिसत नाही. फक्त व्हीस्विचमधल्या पीनिकला सरळ व्हीएमनिक० असं नाव नसतं, आधी लांबलचक की असते आणि शेवटी नाव, ती कापून टाका. वेळेतला फरक एवढा जाणवतो की पॅरललची चर्चाच संपते.

अपलिंक फिजिकल स्विचच्या कुठल्या पोर्टला आहे हेही हवं असेल तर होस्टच्या नेटवर्कसिस्टिमवर क्वेरीनेटवर्कहिंट आहे. स्टँडर्ड स्विचवर फक्त सीडीपी (शेजारचा स्विच ओळखायचा सिस्कोचा प्रोटोकॉल) चालतो, एलएलडीपी (त्याच कामाचा, सगळ्या कंपन्यांसाठीचा) डिस्ट्रिब्युटेडवरच, तेव्हा सिस्को सोडून दुसरा स्विच असेल आणि उत्तर रिकामं आलं तर स्क्रिप्टला शिव्या घालू नका. ही कॉल मात्र जिवंत होस्टलाच जाते, कनेक्शनस्टेट बघितल्याशिवाय करू नका.

शेवटी, पोर्टग्रुपची नावं होस्ट-होस्टमध्ये ताडून बघताना पॉवरशेलची साधी तुलना कॅपिटल-स्मॉल एकच समजते आणि ईएसएक्सआय तसं समजत नाही. ईक्यूऐवजी सीईक्यू वापरा, कम्पेअर-ऑब्जेक्टला केससेन्सिटिव्ह लावा, ग्रुप-ऑब्जेक्टलाही लावा. आणि नाव छापताना दोन्ही बाजूंना उभी रेघ द्या, कारण कोणीतरी कॉपी-पेस्ट करताना नावाच्या शेवटी एक स्पेस ठेवून दिलेली असते आणि ती रेघेशिवाय डोळ्याला दिसत नाही. ट्रिम करून तुलना करू नका हं, ट्रिम केलंत तर दोन्ही नावं सारखी निघतात आणि व्हीमोशन तरीही अडतं.